तसबिरीखालचे नाव



चालकांचे निमंत्रण आले तेव्हा विषय कोणता घ्यावा हे त्यांनी माझ्यावरच सोपवले होते. इतिहास घ्यावा, तर या व्यासपीठावर माझ्याआधी मोठे जाणकार बोलून गेलेले. अर्थकारण घ्यावे, तर ते घरचेच मला नीट उमगत नाही. या विवंचनेत एका चहाच्या दुकानात बसलो असता समोरच्या भिंतीकडे लक्ष गेले. तेथे एक भले मोठे काळेपांढरे छायाचित्र चौकटीत लावले होते. अधांतरी असलेली एक पोलादी तुळई, तिच्यावर पाय सोडून एका ओळीत बसलेले अकरा कामगार, आणि त्यांच्या पायांखाली, फार खाली, धुरकट दिसणारे शहर. आपल्यापैकी पुष्कळांनी हे चित्र पाहिले असेल. हल्ली ते खानावळीत असते, केशकर्तनालयात असते, व्यायामशाळेत असते. चहा आणून देणाऱ्या मुलाला मी विचारले, "हे कोण रे?" तो म्हणाला, "माहीत नाही काका. भिंत रिकामी दिसत होती, म्हणून मालकांनी आणलं."

त्या उत्तराने मला आजचा विषय दिला. ज्यांनी शहरे बांधली त्या कामगारांची जुनी छायाचित्रे आज शोभेसाठी भिंतीवर लागतात. ती माणसे कोण होती, ती चित्रे कोणी आणि कशासाठी काढली, आणि ती घरात आणणाऱ्यावर काही जबाबदारी येते की नाही, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपल्याकडे भिंतीवर कोणी चढावे याचा एक अलिखित नियम होता. पहिला मान देवाचा. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. दुसरा मान घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांचा. त्यांच्या तसबिरीला चंदनाचा हार. तिसरा मान शिवछत्रपती, टिळक, गांधी, आंबेडकर अशा थोरांचा. या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान होती. तसबिरीत कोण आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे, आणि वडिलांच्या तसबिरीखाली तर नाव, जन्म आणि निधन यांच्या तारखा असत. कामगार मात्र भिंतीवर कधी नव्हता. तो भिंत बांधून निघून जात असे.

आता तो भिंतीवर आला आहे. हे चांगलेच झाले असे मी म्हणेन. पण तो तेथे कसा पोचला ते पाहिले पाहिजे.

चहाच्या दुकानातले ते चित्र २० सप्टेंबर १९३२ चे. न्यूयॉर्क शहरात तेव्हा रॉकफेलर सेंटर हा इमारतींचा समूह उभा राहत होता. त्यातल्या आर. सी. ए. इमारतीच्या ६९ व्या मजल्यावर, रस्त्यापासून सुमारे ८५० फूट उंचीवर, हे चित्र काढले गेले. आपला कुतुबमिनार एकावर एक साडेतीन वेळा रचावा, इतकी ही उंची. दिवाळीत आकाशकंदील टांगायला शिडीच्या चौथ्या पायरीवर गेलो की माझे पाय लटपटतात. तेव्हा या अकरा जणांविषयी मला किती आदर वाटत असेल याची आपण कल्पना करावी. डाव्या टोकाचे दोघे सिगारेट शिलगावण्यात गुंतले आहेत. कोणाच्या मांडीवर जेवणाचा डबा आहे. उजव्या टोकाचा माणूस हातात बाटली धरून थेट आपल्याकडे पाहतो. चित्र २ ऑक्टोबर १९३२ च्या 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'च्या रविवारच्या पुरवणीत छापून आले.

आता या चित्राची दुसरी बाजू ऐका. ते इमारतीच्या जाहिरातीसाठी काढलेले होते. कामगार खरे, तुळई खरी, उंचीही खरी. परंतु पंगत मांडलेली होती. त्याच दिवशी तुळईवर आडवे होऊन वामकुक्षी घेणाऱ्यांचेही चित्र काढले गेले. अमेरिकेत तेव्हा महामंदीचा काळ होता. १९३३ पर्यंत दर चार कामकऱ्यांत एक बेकार झाला होता. इतक्या मंदीत एवढी मोठी इमारत उठत होती, तिच्यातल्या जागा भाड्याने जायला हव्या होत्या, आणि त्यासाठी लोकांनी तिच्याकडे मान वर करून पाहणे जरूर होते. भाकरीसाठी जो माणूस रोज त्या तुळईवरून चालत होता, त्याला तिच्यावर बसून भाकरी खा म्हटल्यावर तो नाही कशाला म्हणेल?

आणि हे चित्र काढले कोणी? अनेक वर्षे चित्राखाली छायाचित्रकाराचे नावच नव्हते. २००३ साली चार्ल्स एबेट्स यांना ते श्रेय देण्यात आले. पण पुढे असे दिसून आले की त्या दिवशी टॉमस केली आणि विल्यम लेफ्टविच हे छायाचित्रकारही तेथे होते, आणि श्रेय पुन्हा अनिश्चित झाले. मूळ काचेची निगेटिव्ह पेनसिल्व्हेनिया राज्यात जमिनीखालच्या एका थंड साठवणघरात जपून ठेवली आहे, पण ती फुटलेली आहे. अकरा जणांपैकी नावे किती ठाऊक? या चित्रावर २०१२ साली एक माहितीपट निघाला. त्या शोधात इतर जुन्या छायाचित्रांशी ताडून दोघांची ओळख पटवता आली: डावीकडून तिसरा जोसेफ एकनर, उजवीकडून तिसरा जो कर्टिस. उरलेल्यांविषयी आयर्लंडपासून स्लोव्हाकियापर्यंतची कुटुंबे सांगतात, "हा आमचा." जगातल्या अगणित भिंतींवर हे चित्र आहे, आणि अकरांपैकी दोघांचीच नावे अशी पुढे आली, तीही ऐंशी वर्षांनी.

याच शहरात, याच्या दोनच वर्षे आधी, कामगारांची वेगळ्या रीतीने काढलेली छायाचित्रे आहेत. तीही आज भिंतीवर लागतात. ती काढणाऱ्याचे नाव लुईस हाइन. हा मूळचा शाळामास्तर. १८७४ चा जन्म. शाळेत शिकवता शिकवता त्याने कॅमेरा हाती घेतला आणि एलिस बेटावर उतरणाऱ्या परदेशी स्थलांतरितांची चित्रे काढली. १९०८ पासून तो बालकामगारांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी देशभर हिंडला. गिरण्यांचे आणि खाणींचे मालक त्याला आत येऊ देत नसत; मग तो कधी धर्मग्रंथ विकणारा होई, कधी आगीची तपासणी करणारा. मुलांची उंची मोजता येत नसे, म्हणून आपल्या कोटाचे कितवे बटण मुलाच्या डोक्याशी येते ते तो पाही, आणि खिशातल्या खिशात वहीत नाव, वय, कामाचे तास टिपून घेई. कारण त्याला पक्के कळले होते की नुसत्या चित्राने लोक हळहळतात आणि विसरतात. चित्राखाली नाव आणि वय आले, म्हणजे ते साक्षीदार होते.

१९३० साली या हाइनला एम्पायर स्टेट इमारतीच्या बांधकामावर छायाचित्रे काढण्याचे काम मिळाले. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेला हा गृहस्थ कामगारांबरोबर एकेक मजला वर चढत गेला. एका प्रसंगी तर फिफ्थ ॲव्हेन्यू रस्त्यावर सुमारे हजार फूट उंचीवर खास बनवलेल्या पाळण्यात बसून त्याने चित्रे घेतली. त्या बांधकामाचा वेग आजही थक्क करतो. १७ मार्च १९३० रोजी काम सुरू झाले. १ मे १९३१ रोजी १०२ मजल्यांची, १,२५० फूट उंचीची इमारत खुली झाली. भर कामाच्या दिवसांत एकेका दिवशी सुमारे ३,४०० माणसे राबत होती. आठवड्याला सरासरी साडेचार मजले चढत होते.

ते कसे, हे सांगितल्याशिवाय या चित्रांतली गंमत आणि भीती दोन्ही कळावयाची नाहीत. पोलादाच्या तुळया एकमेकींना रिवेटांनी जोडल्या जात, आणि एका टोळीत चार माणसे असत. पहिला कोळशाच्या भट्टीवर रिवेट लाल होईतो तापवी आणि चिमट्याने दुसऱ्याकडे फेके, कधी कधी वरच्या मजल्यावरही. दुसरा तो उडता निखारा पत्र्याच्या डब्यात झेले आणि भोकात बसवी. तिसरा एका बाजूने तो दाबून धरी. चौथा दुसऱ्या बाजूने हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने त्याचे टोक ठोकून चपटे करी. हे दिवसभर, अरुंद तुळईवर, वाऱ्यात, कमरेला पट्टा न लावता. झेल चुकला तर निखारा खाली जाई, पाय चुकला तर माणूस. अधिकृत नोंदीप्रमाणे या इमारतीच्या बांधकामात ५ जण दगावले.

या उंचीवरच्या कामासाठी मोहॉक जमातीचे लोक नावाजलेले होते. कॅनडातील काहनावाके हे त्यांचे गाव. त्यांना उंचीची भीतीच नसते, असे लोक कौतुकाने म्हणत. पण २९ ऑगस्ट १९०७ रोजी क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला आणि ७५ कामगार मेले. त्यांत ३३ एकट्या काहनावाकेचे होते. तेवढ्याशा गावातले ३३ कर्ते पुरुष एका संध्याकाळी गेले. तेव्हापासून गावच्या बायांनी हट्ट धरला की आमच्या सगळ्या पुरुषांनी एकाच कामावर जाऊ नये, असे सांगतात. भीती नसते हे कौतुक दुरून करणाऱ्यांना सोपे होते. त्या बायांना भीती म्हणजे काय ते चांगले ठाऊक होते.

हाइनच्या चित्रांपैकी एक फार प्रसिद्ध आहे. एक तरुण कामगार जाड तारदोराला धरून आकाशात झुललेला आहे, पाठीमागे हडसन नदी आणि सारे शहर. हाइनने त्याला नाव दिले 'इकॅरस'. इकॅरस हा ग्रीक पुराणातला मुलगा. मेणाचे पंख लावून उडाला, सूर्याच्या फार जवळ गेला आणि पडला. मंडळी, मला या ठिकाणी थबकायला होते. ज्या मास्तराने गिरणीतल्या पोरांची नावे खिशात लपून टिपली, त्यानेही या तरुणाला पुराणातले नाव दिले. चित्र काव्यमय झाले खरे. पण तो पोरगा पडला नव्हता, तो काम करीत होता, आणि त्याच्या आईने त्याचे नाव इकॅरस ठेवलेले नव्हते. हाइनसारख्याच्या हातून हे घडते, तर तुम्हीआम्ही कोण!

१ मे हा दिवस आपण कामगार दिन म्हणूनही पाळतो. त्या १ मेला इमारतीचे दिवे लागले ते राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी वॉशिंग्टनला बसून कळ दाबली तेव्हा. कळ दाबणाऱ्याचे नाव इतिहासात आहे. इतके मात्र सांगितले पाहिजे की त्या इमारतीच्या प्रवेशदालनात काही निवडक कारागिरांची नावे कोरलेली एक पाटीही आहे. उद्वाहनाकडे घाईने जाणाऱ्यांपैकी ती किती जण वाचत असतील, ते आपणच ठरवा. हाइनचे पुढे काय झाले? १९३२ साली त्याचे 'मेन ॲट वर्क' हे पुस्तक निघाले. मग कामे मिळेनाशी झाली, कर्जापायी राहते घर गेले, आणि १९४० साली तो गरिबीत वारला. त्याची चित्रे पुढे एका मोठ्या संग्रहालयाला देऊ केली, तर त्यांनी ती घेतली नाहीत. आज त्याच चित्रांना फार मोठे मोल येते.

आता ही दोन चित्रे एकाच दुकानात, एकाच आकाराच्या चौकटीत शेजारी शेजारी विकली जातात. एक इमारतीच्या जागा भाड्याने जाव्यात म्हणून काढलेले, दुसरे माणूस दिसावा म्हणून. भिंतीला हा फरक कळत नाही. मी एका बांधकाम करणाऱ्यांच्या कचेरीत ते अकरांचे चित्र पाहिले आहे. त्याखाली एकजुटीचे महत्त्व सांगणारे एक सुभाषितही होते. खिडकीतून त्यांचेच काम दिसत होते, आणि कामाच्या कडेला पत्र्याच्या खोपटांची रांग. भिंतीवरच्या कामगारांना काच होती, खिडकीबाहेरच्यांना धड दार नव्हते. रॉकफेलर सेंटरमध्येही डिसेंबर २०२३ पासून एक सोय झाली आहे: तिकीट काढून तुळईवर बसायचे, कमरेला पट्टा बांधायचा, तुळई वर उचलली जाते, आणि आपले छायाचित्र निघते. त्यात वाईट काही नाही. हौसेला मोल नसते. पण ज्यांची नक्कल करायची त्यांना पट्टा नव्हता, हे निदान तिकिटावर छापावे असे वाटते.

कोणी म्हणेल, हे सारे परदेशातले, आमचे काय? आपल्याकडे नाव कोरण्याची रीत अगदीच नव्हती असे नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकराचे नाव आहे. गड बांधणाऱ्याने आपले नाव शिखरावर न कोरता पायरीवर कोरले, यातला नम्रपणा आपण शाळेत शिकतो. पण ज्यांनी ते दगड घडवले आणि डोक्यावरून चढवले त्यांना पायरीही मिळाली नाही. आणखी एक गोष्ट. न्यूयॉर्कच्या त्या प्रसिद्ध चित्रांत तुळईवर बाई दिसत नाही. आपल्याकडचे बांधकाम बायांशिवाय उभेच राहिले नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेले, आणि जवळच्या झाडाला बांधलेली झोळी. ते चित्र मी अजून कोणाच्या भिंतीवर पाहिलेले नाही.

इतरांना इतके बोल लावल्यावर घरचे सांगितलेच पाहिजे. आमचे घर १९६२ साली बांधले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. स्लॅब पडला त्या दिवशी वडिलांनी फोटोग्राफर बोलावला. चित्रात मधोमध वडील, डावीकडे आई आणि आईचा हात धरून मी. वडिलांच्या उजव्या हाताला मिस्त्री. मागे परांचीवर दोन बिगारी. आणि पुढे जमिनीवर घमेली पालथी घालून बसलेल्या चार बाया, एकीच्या मांडीवर मूल. १९८९ साली वडील गेले. भिंतीवर लावण्याजोगे त्यांचे तेवढेच चित्र होते. मी ते तसबिरी मढवणाऱ्याकडे नेले. तो म्हणाला, "एवढे सगळे कशाला? साहेब तेवढे ठेवून बाकीचे कापू?" मी म्हणालो, "कापा." आईचे दुसरे चित्र होते, म्हणून तीही गेली; मीही गेलो. कापलेले तुकडे त्याने केरात टाकले. मी मागितलेही नाहीत.

तरी एक गोष्ट राहिली. तसबिरीच्या कडेला, वडिलांच्या खांद्यापाशी, एक हात आला आहे. मनगटापर्यंतच. हातात थापी. तीसेक वर्षे तो हात कोणाला दिसला नाही. परवा नात आली होती. ती म्हणाली, "आजोबा, हा हात कोणाचा?" मी म्हणालो, "मिस्त्रींचा." "त्यांचं नाव काय?"

मला सांगता येईना. आम्ही त्यांना मिस्त्रीच म्हणत होतो. वडिलांची हिशेबाची वही काढली. वही मोठी चोख आहे. वीटभट्टीवाल्याचे नाव आहे, सिमेंटच्या पोत्यांचा आकडा आहे, दारे करणाऱ्या सुताराच्या दुकानाचे नाव आहे. आणि दर शनिवारी एक ओळ: "मिस्त्री, आठवडा." खाली: "बाया, आठवडा." एवढेच. त्यांच्याविषयी मला आठवते ते इतकेच की ते ओळंबा सोडीत तेव्हा त्याची दोरी मला धरायला देत, आणि हलवलीस तर घर वाकडे होईल म्हणत. मी श्वास रोखून उभा राहत असे. ती भिंत अजून सरळ आहे. वडिलांची तसबीर त्याच भिंतीवर आहे.

मी तसबीर उतरवली आणि वडिलांच्या नावाखाली एक ओळ लिहिली: "शेजारी हात, घर बांधणारे मिस्त्री. नाव विचारले नाही." भिंतीवर लावायला ही ओळ काही शोभिवंत नाही. पण ती खरी आहे.

तेव्हा अकरा जणांचे चित्र लावू नका असे मी मुळीच म्हणत नाही. अवश्य लावा. पण त्याखाली चिठ्ठी चिकटवा: न्यूयॉर्क, १९३२, एकनर, कर्टिस, आणि नावे न कळलेले नऊ. मुलांनी विचारले तर सांगता येईल. आणि आपल्यापैकी कोणाचे घर सध्या बांधून होत असेल, कोणाच्या गल्लीत इमारत उठत असेल, त्यांना माझी एक विनंती आहे. स्लॅब पडेल त्या दिवशी सगळ्यांचे मिळून छायाचित्र काढा. आता त्यासाठी फोटोग्राफर बोलवावा लागत नाही. यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. मग वही-पेन्सिल घेऊन प्रत्येकाला नाव विचारा, बायांनाही विचारा, गाव विचारा, आणि मागे लिहून ठेवा. त्या चित्राची एकेक प्रत त्यांनाही द्या. त्यांच्याही घराला भिंत असते. पाच मिनिटांचे काम आहे. १९६२ साली आमच्या घरात ते कोणी केले नाही, आणि आता ते करता येत नाही.